मिरजेचा दवाखाना आणि लोहाचे सूक्ष्म कण

१८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल मिरजेत उभे राहिले, तेव्हा देहाच्या आत डोकावणारा किरण जगाला ठाऊकच नव्हता. राँटजेनला तो पुढच्या वर्षी गवसला. त्या काळी कर्करोगाची गाठ हाताला लागेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असे.

क्ष-किरणांनी हाडे दाखविली. मऊ अवयवांचे बारकावे मात्र धूसरच राहिले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून प्रतिमा घडविली आणि एम.आर.आय.चा मार्ग खुला झाला. तथापि एक अडचण उरली. आकाराने नेहमीसारख्या दिसणाऱ्या लसिकाग्रंथीत कर्करोग दडला असेल, तर तो ओळखावा कसा?

येथे लोह साहाय्यास आले. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काही नॅनोमीटर आकाराच्या लोह-ऑक्साइडच्या कणांवर शर्करेचे आवरण चढवून ते शिरेतून देतात. निरोगी ग्रंथीतील भक्षक पेशी ते गिळतात, म्हणून ती ग्रंथी प्रतिमेत काळी दिसते. कर्करोगाने व्यापलेला भाग उजळ राहतो. २००३ साली डॉ. मुकेश हरिसिंघानी व सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या ८० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग असलेल्या ६३ ग्रंथींपैकी ४५ नेहमीच्या निकषांनी निर्दोष ठरत होत्या. कणांमुळे मात्र ग्रंथींत रोग पसरलेला प्रत्येक रुग्ण ओळखला गेला.

असे असूनही त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. यकृतासाठी १९९६ साली मान्य झालेले लोहकणही पुढे बाजारातून गेले. कणांना प्रतिपिंड जोडून थेट कर्कपेशीकडे धाडण्याचे प्रयोग अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत.

या शोधात आपला प्रदेशही मागे नाही. सातारा-सांगलीची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली वाढली, त्या १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात फेराइट या चुंबकीय द्रव्यांचा अभ्यास दीर्घकाळ चालत आला आहे. कोल्हापुरातीलच डी. वाय. पाटील विद्यापीठातून कर्करोगोपचारासाठी चुंबकीय कणांवर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले. शेतकऱ्यांची मुले प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली, त्यामागे तीही पुण्याई आहे.

वाचकहो, हे कण आपल्या रुग्णालयांत नित्याचे होतील तेव्हा होतील. न दुखणारी गाठ लाजेने वा भीतीने लपविणे मात्र आजच थांबवता येईल. वॉन्लेस यांच्या काळी विलंबाला इलाज नव्हता. आज तो पुष्कळसा आपल्या हाती आहे.