पाडेगाव ऊस संशोधन केंद्र

सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील पाडेगाव येथील ऊसविषयक संशोधन केंद्र. स्थापना १९३२. नीरा कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी पाणथळ व क्षारपड जमिनींची समस्या उभी राहिली. केंद्राच्या आरंभीच्या कामाची पार्श्वभूमी ती होय. येथील मृदासर्वेक्षणातून दख्खनच्या कालवाक्षेत्रांतील जमिनींचे वर्गीकरण झाले (१९३८). या पायाभूत कामाची नोंद उसाच्या वाणांपुढे सहसा मागे पडते. सध्या केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

नव्या वाणाची निवड वर्षानुवर्षे चालते: कोईमतूर येथील संकरातून आलेली रोपे लावून उतारा, साखरेचे प्रमाण, खोडव्याची फूट व रोगप्रतिकार तपासतात. को ७४०, को ८६०३२ (नीरा) व फुले २६५ हे वाण याच कामातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. फुले २६५ क्षारपड जमिनीतही तग धरतो. आडसाली, पूर्वहंगामी व सुरू या तिन्ही हंगामांसाठी लागवडीच्या शिफारशी केंद्राने दिल्या.

पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने, त्यांवर उभ्या राहिलेल्या शाळा व रस्ते यांमागे खात्रीच्या कच्च्या मालाचा हा आधार आहे. पाण्याच्या विषम वाटपाचा प्रश्न मात्र वाणांनी सुटलेला नाही. (पहा : ऊस, नीरा कालवे, सहकारी साखर कारखाने).