पडद्यावरची शाळा आणि वर्ध्याची शाळा

वर्धा म्हटले म्हणजे लोकांस गांधीजी, चरखा आणि सेवाग्रामची बापूकुटी यांची आठवण होते. सिनेमाची आठवण कोणासही होत नाही, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. १९२७ साली सरकारने नेमलेल्या चित्रपट समितीने गांधीजींचे मत मागविले, तेव्हा आपण सिनेमा कधी पाहिलाच नाही, त्याने केलेली हानी मात्र बाहेरच्यासही उघड दिसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले होते. पुढे १९४४ साली आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून सुटल्यावर जुहू येथे विश्रांती घेत असता विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट त्यांना दाखविण्यात आला. पण तेवढ्याने त्यांचे मत पालटले असे दिसत नाही.

असे असूनही शाळेवरील चित्रपटांचा विचार करावयाचा, तर त्याचा आरंभ वर्ध्यापासून करणे सोयीचे पडते. हायस्कुलातील मुलामुलींचे चित्रपट पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनाही इतके का आवडतात? आपल्या नातवंडांच्या वयाची पोरे पडद्यावर बाके वाजवू लागली म्हणजे एरवी गंभीर असणारी मंडळी खुर्चीत पुढे सरकून का बसतात? बालपणाची गोड आठवण, हे याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शाळेची आठवण सर्वांनाच गोड असते, हे म्हणणे फक्त पहिल्या बाकावर बसणाऱ्यांचे असते. खरे उत्तर शोधावयाचे असल्यास १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा शहरात काय घडले ते पाहिले पाहिजे.

त्या महिन्याच्या २२ व २३ तारखांस नवभारत विद्यालयात अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हे विद्यालय मूळचे मारवाडी हायस्कूल. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती आणि निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री परिषदेस जातीने हजर होते. परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे शिक्षण मोफत व सक्तीचे असावे. ते मातृभाषेतून द्यावे. त्याचा मध्यबिंदू एखादा उत्पादक हस्तोद्योग असावा. आणि या पद्धतीतून शिक्षकाचा पगार हळूहळू भागत जावा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल सादर केला आणि १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन सेगावात, म्हणजे ज्याला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले त्या खेड्यात, आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने नव्या शाळेचा संसार मांडला.

या योजनेच्या मुळाशी एक फिर्याद होती. प्रचलित शाळा मुलाला बाकावर जखडून टाकते, त्याचे हात रिकामे ठेवते, त्याच्या डोक्यात जे भरते त्याचा त्याच्या गावाशी, नदीशी, शेताशी संबंध नसतो. आणि दहा-अकरा वर्षांनी तो बाहेर पडतो तो कचेरीची वाट धरण्यापुरताच, ही ती फिर्याद. चमत्कार असा, की सिनेमाला दूर ठेवणाऱ्या वर्ध्याच्या या फिर्यादीवरच शाळेचे बहुतेक सारे चांगले चित्रपट उभे आहेत. ज्यांनी ते काढले त्यांनी नई तालीमचा अहवाल वाचला असेल वा नसेल. तो येथे मुद्दा नव्हे. त्या चित्रपटांतील जे प्रसंग प्रेक्षकांच्या मनात राहतात, ते प्रायः वर्गात घडतच नाहीत. कॅमेरा वर्गात शिरतो तो बाहेर पडण्याची संधी शोधण्यासाठी.

मराठीतील अग्रपूजेचा मान ‘श्यामची आई’कडे जातो. साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले. १९५३ साली त्यावर चित्रपट काढणारे आचार्य अत्रे हेही हाडाचे शिक्षक. पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक होते आणि ‘नवयुग वाचनमाला’ त्यांचीच. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटास मिळाले. म्हणजे दोन शिक्षकांच्या हातून महाराष्ट्रातील मुलाच्या घडणीची सर्वांत प्रसिद्ध कथा पडद्यावर आली. आणि या कथेतील खरा शिक्षक कोण, तर शाळेत कधी न गेलेली आई! तिचा वर्ग म्हणजे अंगण, विहीर आणि स्वयंपाकघर. पोहावयास भिणाऱ्या श्यामला ती फोकाच्या माराने विहिरीवर धाडते, तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. दोघा गुरुजींनी आपल्याच धंद्याविषयी दिलेला हा कबुलीजबाब आहे असे कोणी म्हटल्यास ते फारसे अनुचित होणार नाही.

हिंदी पडद्यावरही हेच आढळते. सत्येन बोस यांच्या ‘जागृति’मधील (१९५४) शिक्षक मुलांस आगगाडीत बसवून देशाचा इतिहास देशातच दाखवीत नेतो, साबरमतीच्या संतावरील कवी प्रदीप यांचे गाणे याच चित्रपटातले. व्ही. शांताराम यांनी १९६७ च्या ‘बूंद जो बन गयी मोती’त मास्तरांना विद्यार्थ्यांसह डोंगरझाडीत नेले. दूर फ्रान्समध्ये झाँ व्हिगो याने १९३३ साली वसतिगृहातील पोरांच्या बंडावर चित्रपट केला, तेव्हा त्याच्या शेवटी पोरे थेट छपरावर चढली. तेथील सरकारला हे इतके झोंबले की दुसरे महायुद्ध संपेपर्यंत त्या चित्रपटाच्या प्रदर्शनास बंदी होती. एखाद्या शाळेतील उशांच्या मारामारीस एवढे भ्यावे, यात त्या सरकारचे कौतुक करावे की कीव करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) तर वर्ध्याच्या अगदी दारापर्यंत येऊन पोहोचतो. तुकड्यांची अक्षरे ही वास्तविक कारकुनी सोय. पण अ आणि फ यांच्या दरम्यान किती लांबरुंद दरी असते, ते फ तुकडीत बसलेल्यालाच ठाऊक. दोन तुकड्यांत भांडण होते, शिक्षा फच्या मुलांना होते, आणि संतापाच्या भरात ती शाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी रंगविलेले शिक्षक त्यांस छड्या मारीत नाहीत की उपदेशही फार करीत नाहीत. नुकसान स्वतःच्या श्रमाने भरून काढण्याची वाट दाखवितात. ज्या हातांनी मोडले त्याच हातांनी उभे करावयाचे. ‘ढ’ ठरलेली पोरे कामाला लागताच हिशेबी, शहाणी आणि भरवशाची दिसू लागतात. शाळेने मुलाची किंमत ठरवावी आणि ती चुकीची ठरावी, या दृश्यात प्रौढ प्रेक्षकाला एवढे समाधान का वाटते, हे निराळे सांगावयास नको. प्रत्येकाच्या पेटीत एखादे जुने प्रगतिपुस्तक असतेच.

मात्र या साऱ्यांत घराघरांत जिव्हाळ्याचा ठरला तो ‘शाळा’. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ ची. सुजय डहाके यांचा चित्रपट २०११ चा, आणि त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. (याच डहाके यांनी २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, हाही एक योगच.) नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातील शिरोडकर, यांची ही कथा आणीबाणीच्या दिवसांत घडते. काळाची ही निवड वरवरची नव्हे. बाहेर देशात बोलण्याची बंदी आणि आत वर्गात मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्याची बंदी. दोन्ही शिस्तीच्या नावाखाली. अशा स्थितीत नजर हीच भाषा होते. मुकुंद आणि त्याचे सोबती ज्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात, ती त्यांची दुसरी शाळा. तेथे घंटा नाही, हजेरी नाही, आणि जगाविषयीचे सर्व महत्त्वाचे प्रश्न तेथेच चर्चेस येतात. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. मोठी शोकांतिका काहीच होत नाही; एक बाक रिकामे होते एवढेच. परंतु बदलीच्या नोकऱ्यांत आयुष्य घालविलेल्या मराठी मध्यमवर्गाला अशा एका रिकाम्या बाकाची व्यथा पुरेपूर कळते. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) हीच व्यथा उलट बाजूने सांगतो. तेथे आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला सातवीतला चिन्मय नव्या वर्गात परका आहे. तोही जे शिकतो ते सायकलीवर, समुद्रकाठी आणि पावसाने झोडपलेल्या किल्ल्याच्या तटाआड, वर्गात नव्हे.

एथवर सर्व चित्रपट वर्ध्याच्या बाजूने साक्ष देतात. परंतु एक साक्षीदार असा आहे की त्याच्यापुढे सेवाग्रामच्या पक्षपात्यालाही क्षणभर थांबावे लागते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा तो साक्षीदार. आणि शाळेच्या मराठी चित्रपटांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

जब्या हा कैकाडी कुटुंबातील मुलगा. वर्गातील शालूवर त्याचा जीव जडला आहे, आणि काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती वश होईल या आशेने तो रानोमाळ हिंडतो. एवढ्यावरून तो ‘शाळा’तील मुकुंदाचा धाकटा भाऊ शोभला असता. पण मुकुंदाला जे वर्गाबाहेर मिळते, नेमके त्यापासून सुटण्यासाठी जब्याला वर्ग हवा आहे. बाहेर गावाची डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराण्याची वाट पाहत उभे आहे. बाप शाळा बुडवावयास लावतो तो दुष्ट म्हणून नव्हे. मुलीचे लग्न तोंडावर आले आहे आणि पैसा हवा आहे. येथे हाताचे काम मुलाला मुक्त करीत नाही. हाताचे कामच त्याची बेडी आहे. ज्याच्या आजापणजाने पिढ्यान्‌पिढ्या श्रमच केले, त्याच्या मुलाला शाळेनेही श्रमच द्यावेत काय? त्याला पुस्तक, बाक आणि स्वच्छ कपडे हेच स्वातंत्र्य वाटले तर त्यात चूक कोणती? हा प्रश्न १९३७ च्या योजनेला खरोखरच अडचणीचा आहे, आणि तो एखाद्या शिक्षणतज्ज्ञाच्या निबंधापेक्षा या चित्रपटाने अधिक धारदारपणे विचारला आहे.

चित्रपटाच्या अखेरीस शाळेच्या शेजारीच डुकराचा पाठलाग चालू असतो आणि शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. जब्या सावधान उभा राहतो. मागोमाग घरची माणसे उभी राहतात. धरू पाहिलेले डुकर हातचे जाते. नंतर धरलेले डुकर काठीला टांगून ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांची चित्रे रंगविलेली आहेत. दिग्दर्शक येथे एक अक्षरही बोलत नाही.

या प्रश्नाला सेवाग्रामपाशी उत्तर होते की नाही? होते, पण ते चरख्यात नव्हते, झाडूत होते. नई तालीमच्या शाळेत सफाई हा शिक्षणक्रमाचा भाग होता, आणि ती कोणा एका जातीच्या मुलांनी करावयाची नसून सर्वांनी करावयाची होती. आश्रमात संडास साफ करण्याची पाळी ब्राह्मणालाही चुकत नसे. म्हणजे योजनेचा गाभा श्रम हा नव्हताच. श्रमाची समान वाटणी हा होता. जब्याच्या गावात डुकरामागे एकच घर धावते आणि बाकीचे गाव, त्यात त्याचे वर्गबंधूही आले, तमाशा पाहावा तसे पाहत हसते. ते हसणारे वर्गबंधू जर त्या ओढ्यात उतरले असते, तर डुकर धरणे हे किळसवाणे काम राहिले असते, पण लाजिरवाणे राहिले नसते.

दुर्दैवाने देशाने योजनेतील वाटणी वगळली आणि कातकाम ठेवले. पुढे तेही सुटले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याच्या जागी ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला, आणि पुष्कळ शाळांतून त्याचा अर्थ आठवड्याच्या एखाद्या तासाला कागदाची फुले करणे एवढाच उरला. शहरी घरांतून ती फुले बहुधा आईच करून देते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

सेवाग्रामची मूळ शाळा बंद पडली होती. २००५ मध्ये त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यमाच्या या शाळेत आसपासच्या खेड्यांतील मुले येतात. शेतीचे वाफे, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई ही कामे वेळापत्रकात गणिताच्या व भाषेच्या शेजारी बसतात, आणि वाफ्याची लांबीरुंदी मोजताना क्षेत्रफळाचा धडा होतो. ऑक्टोबर १९३७ मधील परिषद जेथे भरली त्या नवभारत विद्यालयापासून हे आवार काही मैलांच्या अंतरावर आहे.