नांगर मोडला तर दुरुस्त कोण करणार?

१९२२ साली साताऱ्याजवळ पाडळीला, सातारा रोड स्थानकाच्या शेजारी, धनजीशा कूपर यांचा शेती अवजारांचा कारखाना उभा राहिला. त्याच लोहमार्गावर दक्षिणेकडे किर्लोस्करवाडीला तेव्हा बारा वर्षांपासून लोखंडी नांगर तयार होत होते. दोन्ही ठिकाणे पुणे-मिरज मीटर गेज मार्गावरची. सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे काही तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचे प्रदेश मिळून ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे आज आपण दोन जिल्ह्यांचे म्हणतो ते हे दोन कारखाने एकाच मुलखातले आणि एकाच गिऱ्हाइकाकडे पाहणारे होते. किर्लोस्कर थोर की कूपर, अशा अंगाने त्यांची चढाओढ सांगता येईल, पण तिचा खरा अर्थ तसा हाती लागत नाही. माझे म्हणणे असे की ही स्पर्धा नांगर विकण्यापेक्षा गावच्या सुताराची जागा घेण्याची होती. नांगर मोडला तर तो पुन्हा चालता कोण करून देईल, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला हवे होते. ते देणारे एकाऐवजी दोघे झाले, यात शेतकऱ्याचा आणि पुढे या मुलखाचाही लाभ झाला.

सुताराची जागा म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात बाभळीचा जड नांगर चालायचा. जमीन कडक असली की त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत, म्हणून सावड करायची किंवा इर्जिक घालायचे आणि चार घरांच्या जोड्या एका रानात उतरवायच्या. एवढे करूनही हा नांगर जमीन उकरत असे, उलथत नसे. हरळी आणि कुंदा यांच्या खोल गेलेल्या मुळ्या तशाच राहत आणि पाऊस पडला की पुन्हा वर येत. हे उणे सगळ्यांना माहीत होते. तरीही लाकडी नांगर शतकानुशतके टिकला, कारण त्याच्यामागे बलुत्याची सगळी व्यवस्था उभी होती. हाळीस तडकली, रुमणे निघाले किंवा फाळ बोथट झाला की सुतार आणि लोहार गावातच हजर असत. त्यासाठी रोकड मोजावी लागत नसे, सुगीला खळ्यावर धान्य दिले की हिशेब मिटायचा. पेरणीच्या तोंडावर औत एक दिवसही बंद पडू नये, याची हमी या व्यवस्थेत होती. लोखंडी नांगराने खोल नांगरट दिली तरी ही हमी तो आपल्यासोबत आणत नव्हता.

लोखंडी नांगर प्रथम आला तो परदेशातून. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॅन्सम कंपनीचे नांगर मुंबई इलाख्यात शेतकी खात्याच्या प्रात्यक्षिकांमधून आणि मोठ्या बागायतदारांच्या रानातून ओळखीचे झाले होते. ते मजबूत होते आणि माती पालथी घालत. पण त्यांचा फाळ झिजला तर नवा फाळ समुद्रापलीकडून यायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानातून सुरुवात केली, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग याच नांगराकडे मोर्चा वळवला. जे. जे. कलाशाळेत गेलेला हा तरुण रंगांधळेपणामुळे चित्रकलेतून यांत्रिक रेखाटनाकडे वळला होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी ते शिकवलेही होते. आराखडा काढणे त्यांना अवघड नव्हते, अवघड होते ते गिऱ्हाईक मिळवणे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज तेव्हा पसरलेला होता आणि पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. हा समज अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मला त्यात व्यवहारही दिसतो. ज्याच्या दुरुस्तीची खात्री नाही, असे अवजार ऐन हंगामात घरी आणणे शेतकऱ्याला धोक्याचे वाटत होते. ती धास्ती त्याने आपल्या भाषेत सांगितली, एवढेच.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेले बत्तीस एकर माळरान आणि कर्जाऊ भांडवल दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. माळ ओसाड होता, पण शेजारी रेल्वे होती आणि हीच गोष्ट निर्णायक ठरली. बिडाचे लोखंड आणि कोळसा रेल्वेने यायचा, तयार नांगर रेल्वेने जायचा आणि मागाहून त्याचा फाळही रेल्वेनेच पोचायचा. चार वर्षांत महायुद्ध पेटले. परदेशी माल घटला, लोखंड-कोळशाची टंचाई पडली आणि ज्यांच्याकडे परदेशी नांगर होते त्यांची सुट्या भागांसाठी अडचण झाली. सुतार गावात, कारखाना एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आणि परदेशी कंपनी महिन्यांच्या अंतरावर, अशी तुलना आता शेतकऱ्यापुढे होती. किर्लोस्करांच्या नांगराला सुगी आली ती या फरकामुळे. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे ते मराठीतले एक नावाजलेले मासिक झाले, पण त्याची सुरुवात कारखाना आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यातला दुवा म्हणून झाली. सुतार समोरासमोर बोलत असे. कारखान्याला तेच नाते छापील अक्षराने जोडावे लागले.

कूपरांचा कारखाना उभा राहिला तो या टप्प्यावर. धनजीशा कूपर हे साताऱ्यातले पारशी उद्योजक आणि ब्राह्मणेतर राजकारणातले वजनदार पुढारी. १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानही झाले. लोखंडी नांगर जमिनीला विष देत नाही, हे पटवण्याचा त्रास त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. ते काम बारा वर्षे शेजाऱ्याने केले होते. पण त्याचमुळे त्यांची परीक्षा निराळी आणि अधिक कठीण होती. आता शेतकरी लोखंडी नांगर घ्यावा का, असे विचारत नव्हता. कुणाचा घ्यावा, असे विचारत होता. या प्रश्नात शेतकऱ्याचे बळ वाढलेले दिसते. एकच कारखाना असतो तेव्हा गिऱ्हाईक त्याच्यावर अवलंबून राहते. दुसरा उभा राहिला की फाळ लवकर झिजतो, माल वेळेवर येत नाही, किंमत जास्त लावली, अशा तक्रारींना वजन येते, कारण तक्रार करणाऱ्याला दुसरीकडे जाता येते. बलुत्यात हे बळ शेतकऱ्याला ओळखीतून आणि गावच्या लाजेतून मिळत होते. बाजारात ते फक्त दुसऱ्या दुकानामुळे मिळते.

यावर पहिला आक्षेप असा की ही स्पर्धा खुली नव्हतीच. एकाच्या पाठीशी औंधचे राजे, दुसऱ्याच्या हाती साताऱ्याचे राजकारण. मग शेतकऱ्याची निवड कुठली? आश्रय होता, हे खरेच आहे. बाळासाहेबांनी जमीन आणि भांडवल दिले नसते तर किर्लोस्करवाडी वसली नसती. कराडजवळ ओगलेवाडीला कंदिलांच्या काचेचा कारखाना उभा राहिला, त्यामागेही औंधचाच हात होता. पण आश्रयाची हद्द कारखान्याच्या फाटकापाशी संपते. औंध हे लहान आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेले संस्थान. तिथल्या रयतेच्या खरेदीवर एवढा मोठा कारखाना चालला नसता. नांगर विकले गेले ते त्या हद्दीबाहेर, जिथे पंतप्रतिनिधींचा शब्द चालत नव्हता आणि कूपरांचे मतदारही नव्हते. राजाने माळरान द्यावे, पुढाऱ्याने वजन वापरावे, पण दुसऱ्या जिल्ह्यातला शेतकरी पैसे मोजताना फाळ किती दिवस टिकतो एवढेच पाहतो.

दुसरा आक्षेप नकलेचा आहे. नांगराचा मूळ घाट परदेशी, मग एका नकलेच्या दुसऱ्या नकलेशी झालेल्या चढाओढीला इतिहास म्हणून एवढे महत्त्व का द्यावे? याचे उत्तर ओतकामात आहे. नांगराचा आकार कागदावर उतरवता येतो, पण फाळाची धार कडक राहावी आणि तरी दगडावर आपटून तो तुटू नये, हे कागदावरून साधत नाही. लोखंडाचा कस, भट्टीचा ताव आणि रस साच्यात कसा थंड होतो हे हातांनीच शिकावे लागते. त्या काळी ही कला अवगत असलेले कारागीर देशात मोजके होते. पुणे-मिरज मार्गावर दोन भट्ट्या पेटल्या, म्हणजे ही कला शिकवणाऱ्या दोन शाळाच सुरू झाल्या. त्याचा पुरावा १९३० च्या दशकात मिळतो. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले, नांगरांचा खप घटला आणि दोन्ही कारखान्यांना दुसरा माल शोधावा लागला. किर्लोस्करवाडीला उसाचे चरक, पंप, लोखंडी फर्निचर असा विस्तार झाला. सातारा रोडने डिझेल इंजिनाकडे उडी घेतली आणि देशात अशी इंजिने बनवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांत आपले नाव लावले. नांगरात मागून आलेला इंजिनात पुढे गेला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात सुरू झाली ती १९४६ मध्ये. नुसती नक्कल करणाऱ्यांच्या हातून हे घडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मी पुरता खोडू शकत नाही. लोखंडी नांगराला रोकड लागत होती आणि खोल नांगरटीला बैलही बळकट लागत होते. ज्याच्याकडे एकच जोडी आणि दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, त्याच्या दारापर्यंत ही स्पर्धा फार उशिरा पोचली. भाड्याने नांगर आणून किंवा सावड करून काहींनी वाट काढली, पण सर्वांना ती सापडली नाही. आणि सुताराचे काय झाले? बलुत्याच्या धान्यातला त्याचा वाटा ज्या कामावर होता, ते कामच रेल्वेने येऊ लागले. काही सुतार-लोहारांच्या मुलांना पुढे कारखान्यांत काम मिळाले असेल, पण त्यामुळे गावातली रिकामी झालेली जागा भरत नाही. हे नुकसान मान्य करूनच या चढाओढीचे मोल ठरवले पाहिजे. मात्र सुताराचे काम एकट्या कारखान्याच्या हाती गेले असते तर शेतकऱ्याचे नुकसान दुप्पट झाले असते. जुनी हमी गेली असती आणि नवीही मिळाली नसती. दोन कारखाने होते म्हणून निदान शेतकऱ्याच्या बाजूची भरपाई काही अंशी झाली.

स्पर्धा खरी कशाने ठरते, हे समजायला आजच्या बाजारातले एक उदाहरण उपयोगी पडेल. सायकल, मोटरसायकल, बर्फावरची घसरगुंडी अशा खेळांसाठी लागणाऱ्या गॉगलच्या बाजारात ओकली हे अमेरिकी नाव गाजले. १९७५ मध्ये जिम जॅनार्ड यांनी मोटरसायकलच्या मुठींपासून सुरुवात करून ती कंपनी वाढवली होती. इटलीच्या लक्झोटिका कंपनीने १९९९ मध्ये रे-बॅन विकत घेतले आणि २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानांची मोठी साखळीही घेतली. त्याच दुकानांतून ओकलीचा माल कमी झाला, दोघांत वाद झाला आणि अखेर २००७ मध्ये ओकलीच लक्झोटिकाकडे गेली. आज दुकानातल्या फळीवर ही दोन नावे शेजारी दिसतात, पण त्यांचा मालक एक आहे. मोडलेला गॉगल घेऊन गिऱ्हाईक रागाने दुसऱ्या नावाकडे गेले, तरी पैसा त्याच घरी जातो. बाजारात नावे किती, यावरून स्पर्धा मोजता येत नाही. मालक वेगळे, कारखाने वेगळे आणि विक्रीची वाट कुणा एकाच्या हाती नाही, असे असेल तरच गिऱ्हाइकाच्या पाठ फिरवण्याला अर्थ राहतो. पुणे-मिरज मार्गावर हे तिन्ही होते. वाट रेल्वेची होती आणि ती दोघांनाही सारखीच खुली होती.

१९४० च्या सुमारास सातारा रोडचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला, पण तिथले ओतकाम थांबले नाही. कूपर हे नाव साताऱ्यात इंजिनांच्या धंद्यात टिकून आहे आणि किर्लोस्करवाडीला पंप तयार होतात. तासगाव, वाळवा, कोरेगाव भागात विहिरीवरची मोट गेली आणि तिच्या जागी इंजिन-पंप बसला, तेव्हा तो बंद पडल्यावर उघडून दुरुस्त करणारे हात याच मुलखात होते. ऊस आणि द्राक्षाच्या मळ्यांची कथा सांगताना आपण पाणी आणि सहकार यांची नावे घेतो. त्यांच्याआधी भट्टीचे नाव घ्यायला हवे, असे मला वाटते. नव्या अवजारावर विसंबण्याचे धाडस शेतकऱ्याने दाखवले, त्यामागे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव होता: मोडले तर फाळ येतो, आणि एकाने दिला नाही तर दुसरा देतो. सुताराच्या ओट्यावर जी खात्री एकेकाळी धान्याच्या मापाने मिळत होती, तिचा काही भाग या दोन कारखान्यांनी मालगाडीने पोचवला. सातारा-सांगलीच्या औद्योगिक इतिहासात या चढाओढीची जागा तेवढ्यासाठी आहे.