शब्दांच्या पोटातील अक्षरे : ‘ग्रेप’ची जन्मकथा

धागा : इंग्रजी शब्दकोशाला एक प्रश्न विचारून पाहा. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्याच्या स्पेलिंगमध्ये नेमक्या याच क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच येतात, असा लांब शब्द कोणता? ‘फसीशस’ आणि ‘ॲबस्टीमिअस’ ही दोन उत्तरे जाणकारांना तोंडपाठ असतात. मात्र ज्याला ती ठाऊक नाहीत, त्याला कोश काहीच मदत करीत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाणे, एवढाच मार्ग उरतो.

कारण वर्णानुक्रमाने लावलेल्या कोशाला दार एकच असते, पहिल्या अक्षराचे. दुसरे दार पाडण्याचे प्रयत्न जुने आहेत. मेदिनीकोशासारख्या संस्कृत कोशांत शब्दांची मांडणी अंत्य व्यंजनानुसार आढळते. लंडनमध्ये जॉन वॉकर याने १७७५ साली शेवटच्या अक्षरापासून उलट क्रमाने लावलेला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. यमक शोधणाऱ्या कवींची त्याने मोठीच सोय केली. तरीही शब्दाच्या मध्यभागी दडलेली अक्षरे दोन्हीकडून बंदच राहिली.

ती उघडणाऱ्या साधनाच्या जन्माची जी कथा सर्वाधिक सांगितली जाते, तिच्या मुळाशी कोडे नसून अमेरिकेच्या इतिहासातील एक वाद आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७८७-८८ मध्ये नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहिले गेले. हेच ‘फेडरलिस्ट पेपर्स’. लेखक तिघे : अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. पुढे १२ लेखांच्या कर्तृत्वावर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांच्या बाजूंनी दावा झाला. हॅमिल्टन १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला, त्यामुळे समोरासमोर निवाडा होणेही अशक्य झाले.

१९४१ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स या संशोधकांनी दोघांच्या वाक्यांची सरासरी लांबी हाताने मोजली. हॅमिल्टनची निघाली ३४.५५ शब्द, मॅडिसनची ३४.५९! इतक्या श्रमांनंतर पदरी पडलेली ही निराशा वाचताना आजही हसू आणि हळहळ एकदमच येते.

वाट दाखवली ती डग्लस अडेर या इतिहासकाराने. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो, तर मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’, हे त्याने ध्यानात आणून दिले. मग मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस अशा क्षुल्लक शब्दांच्याच मागे लागले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टनच्या लेखनात दर हजार शब्दांमागे सुमारे तीनदा येतो. मॅडिसनकडे तो क्वचितच भेटतो. शब्द मोजण्यासाठी आरंभी त्यांनी एकेका ओळीत एकेक शब्द टंकित केला, कागदाच्या त्या लांब पट्ट्या कापून चिठ्ठ्या केल्या आणि हातांनी अक्षरानुक्रमे लावल्या. कुणी खोल श्वास घेतला की चिठ्ठ्यांचे वादळ उठे, अशी मिश्कील नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. १९६४ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि वादग्रस्त लेखांचे पारडे निःसंशय मॅडिसनकडे झुकले.

आता न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत येऊ. १९७० च्या दशकाचा आरंभ. तेथील ली मॅकमेहन यांना याच लेखांचा अभ्यास संगणकावर करायचा होता. युनिक्सच्या ‘एड’ या संपादक प्रणालीत अक्षरांचा नमुना देऊन ओळी शोधण्याची सोय होती. पण ‘एड’ संपूर्ण मजकूर एकदम हाताशी घेत असे आणि त्या काळच्या पीडीपी-११ यंत्राच्या चिमुकल्या स्मृतीत हे ८५ लेख मावेनात. ब्रायन कर्निघन सांगतात त्याप्रमाणे केन थॉम्प्सन यांनी ‘एड’मधील शोधाचा भाग तेवढा वेगळा काढला आणि एका रात्रीत स्वतंत्र आज्ञावली सिद्ध केली. ती मजकूर साठवीत नसे; एकेक ओळ वाचायची, नमुना जुळला तर छापायची आणि पुढे सरकायचे. ‘एड’मध्ये हेच काम करणाऱ्या आज्ञेची अक्षरे होती जी, आर-ई, पी. म्हणजे ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट. नाव पडले ‘ग्रेप’.

डग्लस मॅकिलरॉय यांची आठवण मात्र निराळी आहे. ते लिखित इंग्रजी यंत्राकडून मोठ्याने वाचवून घेण्याच्या खटपटीत होते. उच्चाराचा एखादा नियम कुठे टिकतो आणि कुठे मोडतो, हे पाहण्यासाठी विशिष्ट अक्षरे असलेले शब्द हवे असत. शब्दयादी ‘एड’ला झेपत नसे. एका दुपारी त्यांनी थॉम्प्सन यांच्याकडे मागणी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ग्रेप’ हजर! थॉम्प्सन यांचे म्हणणे असे, की ते साधन त्यांनी स्वतःपुरते आधीच बनवले होते. रात्रीतून फक्त हात फिरवला. माझ्या मते या कथा एकमेकींना खोडत नाहीत, कारण एकाच साधनाची निकड दोघांना भासू शकते. मात्र ‘एका रात्रीत’ हे शब्द जपून वापरावेत. ज्या नमुनालेखनावर हे सारे उभे आहे, ते गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडले होते आणि थॉम्प्सन यांचा त्यावरील शोधनिबंध १९६८ चा आहे. नोव्हेंबर १९७३ च्या युनिक्स नियमपुस्तिकेत ‘ग्रेप’ची नोंद मिळते.

आरंभीच्या पाच स्वरांकडे वळू. कर्निघन आणि रॉब पाइक यांनी १९८४ च्या आपल्या युनिक्सवरील पुस्तकात हेच कोडे ‘ग्रेप’च्या ‘ई-ग्रेप’ या भावंडाकडून सोडवून दाखवले. नमुना साधा आहे : हवे तितके व्यंजन, मग ए, पुन्हा व्यंजने, मग ई, याप्रमाणे यूपर्यंत. उत्तरांत ‘ॲबस्टीमिअस’ आहेच, शिवाय सहसा कुणाच्या वाचनात न येणारे शब्दही आहेत.

असे शब्द येतात कोठून? यंत्राला भाषा कळत नाही. यादीत जे असेल तेच ते देते. युनिक्स जगतात फिरलेल्या एका प्रसिद्ध यादीत २,३४,९३६ शब्द आहेत आणि ती १९३४ च्या वेब्स्टर कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्याच छापील आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा एक शब्द होता, अर्थ दिला होता ‘घनता’. वस्तुतः १९३१ च्या एका चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा किंवा लहान डी हे घनतेचे संक्षेप, एवढेच लिहिलेले होते. कुणीतरी अक्षरे जोडून वाचली आणि शब्द जन्माला आला. १९३९ च्या फेब्रुवारीत एका संपादकाच्या लक्षात आले, की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही.