आवडत्या जागा आणि रेघा : सहभागी रेखांकनाचा इतिहास

सहभागी रेखांकन म्हणजे एखाद्या जागेचे चित्र वा नकाशा तेथे वावरणाऱ्यांनी स्वतः काढणे, आणि तो बिनचूक आहे की नाही हे तपासण्याऐवजी त्यात काय आले, काय मोठे झाले व काय सुटले यावरून त्यांचे त्या जागेशी असलेले नाते समजून घेणे. शिक्षण, नगररचना आणि ग्रामविकास या तिन्ही क्षेत्रांत आज रुळलेल्या या पद्धतीचे एक महत्त्वाचे मूळ मात्र जिव्हाळ्याच्या शोधात नव्हते. शहर रहिवाशांच्या मनात कितपत स्पष्ट उमटते, या नगररचनाकाराच्या प्रश्नात ते होते.

तो प्रश्न मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अध्यापक केव्हिन लिंच यांनी हाती घेतला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या ग्रंथासाठी बॉस्टनमधील सुमारे ३० आणि जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील प्रत्येकी सुमारे १५ जणांच्या दीर्घ मुलाखती झाल्या, आणि परक्या माणसाला शहर समजावून सांगावे तसा मध्यवर्ती भागाचा झटपट नकाशा काढण्यास त्यांना सांगण्यात आले. या नकाशांत अंतरे आणि दिशा पुष्कळ बिघडलेल्या असत, पण कशाला लागून काय येते हा क्रम बहुधा शाबूत राही. खरा नकाशा रबरावर काढून हवा तसा ताणावा, तसे ते दिसत. त्यांतून लिंच यांनी वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा असे पाच घटक वेगळे काढले. ज्यांना बोलते केले ते बहुतेक मध्यमवर्गीय होते, ही अभ्यासाची उघड मर्यादा. त्याहून खोल उणीव ही, की शहर ओळखू येणे आणि ते आपले वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि ग्रंथाचा भर पहिलीवरच राहिला.

ही उणीव पुढे मुलांनी भरून काढली. युनेस्कोच्या आश्रयाने लिंच यांच्या मार्गदर्शनाखाली अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंड या देशांतील पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील मुलांकडून त्यांच्या परिसराचे नकाशे काढून घेण्यात आले, त्यांच्या आवडत्या जागा विचारण्यात आल्या आणि ‘ग्रोइंग अप इन सिटीज’ हे पुस्तक १९७७ साली निघाले. त्यातील निष्कर्ष आजही चकित करतो. मेलबर्नच्या उपनगरातील मुलांना तुलनेने चांगली घरे व मोकळी मैदाने लाभली असूनही कंटाळ्याने घेरले होते, तर अर्जेंटिनातील साल्टा शहराच्या कडेच्या लास रोसास या गरीब वसाहतीतील मुले आपल्या वस्तीविषयी आपुलकीने आणि आशेने बोलत. झाडांची ओढ मात्र सर्वत्र सारखी आढळली. १९९० च्या दशकात अभ्यासक लुईझ चावला यांच्या पुढाकाराने हा उपक्रम आठ देशांत पुन्हा झाला आणि त्यात बंगळुरूतील सत्यनगर या झोपडवस्तीचाही समावेश होता.

दरम्यान भारतातील खेड्यांत रेखांकनाने कागदच सोडला होता. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः गावाची स्थिती मांडून तिचे विश्लेषण करण्याची पद्धत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथे आकाराला आली. कर्नाटकातील मायराडा आणि गुजरातमधील आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम या संस्था तिच्या आघाडीवर होत्या आणि ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी तिचा प्रसार केला. गावकरी अंगणात वा पारासमोर खडू, बिया, दगड आणि रांगोळीने विहिरी, घरे, शेते व झाडे मांडत. जमिनीवरच्या चित्राभोवती कोणालाही बसता येते, चुकीची रेघ बोटाने पुसता येते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपले म्हणणे तेथे मांडता येते. रांगोळी काढण्याची सवय हातात असल्याने भारतीय गावांत हे साधन उपरे वाटले नाही, हे उघड आहे. जमिनीवर रेघा ओढायची काठी गावकऱ्यांच्या हाती द्यावी, असे चेंबर्स सांगत. कारण बाहेरून आलेल्या तज्ज्ञाच्या हाती ती राहिली, तर आवडती जागा विचारूनही नकाशावर त्याच्या सोयीचेच मुद्दे उरतात.

तरीही काढलेले चित्र शेवटी कोणाकडे राहते, हा प्रश्न सुटलेला नाही. जमिनीवरचे चित्र पावलांनी आणि वाऱ्याने पुसले जाते, तर त्याची कागदावरची प्रत बहुधा संस्थेच्या दप्तरात जाते. ज्या वस्तीने चित्र काढले, तिच्या हाती पहिली प्रत राहिली पाहिजे.