समवयस्कांचा जामीन : पेडणे-डिचोलीच्या तरुणांची कर्जफेड



आपल्या इतिहासग्रंथांत कर्जाला जागा मिळते ती बहुधा राजेरजवाड्यांच्या कर्जाला. पहिला बाजीराव १७२० मध्ये पेशवा झाला तेव्हा तो अवघ्या विशीत होता. पुढे सावकारांच्या तगाद्याने तो किती गांजला होता, हे त्याने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांवरून इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. परंतु पेडणे महालातला किंवा डिचोलीतला एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा वडिलांच्या उत्तरकार्यासाठी वा बहिणीच्या लग्नासाठी शंभर रुपये काढतो आणि पुढची दहा वर्षे त्या शंभर रुपयांचा होऊन राहतो, याची नोंद सावकाराच्या वहीपलीकडे कोठेही होत नाही. आजचे माझे विवेचन या मुलासंबंधी आहे. विशेषतः तो त्या वहीतून कोणाच्या आधाराने बाहेर पडला, या एका प्रश्नासंबंधी आहे.

ऋणमुक्तीच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या, त्यांत हा आधार फारसा दिसत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही परंपरेने सांगितलेली हकिकत सर्वांच्या परिचयाची आहे. दुष्काळाचा काळ लक्षात घेता तेव्हा तुकोबाही विशीतच होते. ती घटना थोर आहे, पण तीत ऋणको मुक्त होतो तो धनकोच्या वैराग्यामुळे, आणि असे वैराग्य सावकारीत दुर्मीळ. दुसरी हकिकत १८७५ ची. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते बाहेर काढून जाळली, आणि त्या उठावाच्या परिणामी १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. येथे मुक्ती येते ती आगीतून आणि नंतर कायद्यातून. तिसरा एक आधार शास्त्राचा होता. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदूंच्या बाबतीत मानला होता. पण न्यायालयापर्यंत पोहोचण्याइतके बळ असणाऱ्याच्या कामी तो यायचा.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १७८१ ते १७८८ या वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. या बदलाचा कर्जाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की तेरेखोलच्या उत्तरेला जे सहकारी कायदे विसाव्या शतकाच्या आरंभी येऊ लागले, ते दक्षिणेला आले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. दुसऱ्याच वर्षी, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने ग्रामीण पतसंस्था निघाली. हे खेडे आपल्यापासून फार लांब नाही. सह्याद्री ओलांडला की धारवाड. मात्र मधली सीमा दोन राज्यांची होती. गोव्यात बँक नव्हती असे नाही. बांकु नासियोनाल उल्त्रामारीनु १८६८ पासून पणजीत होती. पण कुळाच्या मुलाने तिची पायरी चढावी, अशी ती बँक नव्हती. त्याची पायरी भाटकाराची किंवा सावकाराची. भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराचे देणे बरेचदा पैशांतून वळून श्रमांत फिटत असे, म्हणजे खरे पाहता फिटतच नसे.

म्हणून पेडण्याचा तरुण मुंबईस निघाला. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोट धरावी आणि गिरणीत, छापखान्यात, पेढीवर, मिळेल तेथे चिकटावे. मुंबईत कर्जाने त्याची पाठ सोडली असे मात्र नव्हे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात नमूद केले आहे की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जबाजारी असून बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे. व्याजाचा एक नेहमीचा दर रुपयाला दरमहा एक आणा. ऐकताना एक आणा किरकोळ वाटतो. वर्षाचा हिशेब केला म्हणजे तो शेकडा ७५ होतो.

या आण्याचा हिशेब आपण थोडा सावकाश करू, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. शंभर रुपयांवर महिन्याचे व्याज सहा रुपये चार आणे. ते नियमाने भरीत राहिलेला तरुण वीस महिन्यांत सव्वाशे रुपये देतो, आणि मुद्दल शंभरचे शंभर शिल्लक. आता त्याच्या खोलीवरच्या आणि आजूबाजूच्या खोल्यांतल्या वीस जणांनी दरमहा पाच-पाच रुपयांची भिशी लावली आहे असे समजा. पहिल्या महिन्याचे शंभर रुपये या मुलाला दिले, तर सावकाराचे मुद्दल त्याच दिवशी चुकते होते. पुढे त्याने दरमहा पाच रुपये भरायचे, म्हणजे नुसत्या व्याजाला लागत होते त्याहून कमी, आणि विसाव्या महिन्यात तो कोणाचाच देणेकरी राहत नाही. वीस जणांच्या खिशांतून एक पैसाही जास्त गेलेला नाही. पण त्याच मुलाला विसावी पाळी दिली, तर भिशी त्याच्यापुरती नुसती बचत ठरते आणि तोवर सावकाराचे सव्वाशे जातातच.

म्हणजे सगळे पाळीवर आहे. चिठ्ठी टाकली की न्याय होतो; परंतु ‘या खेपेला चिठ्ठी नको, याची नड मोठी आहे, याला आधी घेऊ द्या,’ असे उरलेले एकोणीस जण म्हणतात तेव्हा न्यायापेक्षा अधिक काहीतरी घडते. त्या एकोणीस जणांपैकी प्रत्येक जण आपली उचल लांबणीवर टाकतो आणि जो पहिली पाळी घेऊन उद्या गावी पळून जाऊ शकतो, त्याच्यावर आपले पाच रुपये लावतो. पळून गेल्यास कागद नाही, साक्षी नाही, कोर्ट नाही. गाव एक आहे, शिगम्याला एकाच मांडावर उभे राहायचे आहे, एवढीच काय ती हमी. आपल्या भाषेत स्नेहाला ‘ऋणानुबंध’ म्हणतात, आणि हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातले ‘ऋण’ आपल्याला ऐकू येईनासे झाले आहे. ‘जामीन’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. पण भिशीतला जामीन मात्र पहिल्या शब्दाच्या जातीचा आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी याहून अधिक बांधीव रचना उभी केली होती. धोबी तलाव आणि माझगाव भागांतील त्यांच्या ‘कुडी’, म्हणजे गावागावांचे क्लब, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले. त्यांतले रहिवासी प्रामुख्याने साष्टी-बार्देशचे. बोटीची वाट पाहणारा तारवटी महिनोन् महिने तेथे अल्प भाड्यात राही, बोट मिळाली की देणे भागवी. एका पेटीपुरती जागा आणि गावच्या संताची तसबीर, एवढा त्यांचा संसार. पण बेकारीच्या दिवसांत सावकाराकडे जाण्याची वेळ ती कूड बरीच पुढे ढकलीत असे.

याच मुंबईत कागदोपत्री बांधलेला जामीनही आकाराला आला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी संस्था काढली. १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत सहकारी संस्था स्थापन झाली, जी १९३३ मध्ये पूर्ण बँक बनली. तिच्या मूळ उद्दिष्टांत सभासदांना ज्या प्रसंगी तात्पुरते साहाय्य द्यावयाचे, त्यांत आश्रितांची लग्ने आणि औषधोपचार यांच्याबरोबर ‘कर्जफेड’ हेही कारण होते. कर्ज फेडण्यासाठी कर्ज, हे ऐकून आपले वडीलधारे भुवया उंचावतील. पण वर केलेला हिशेब ज्याने मांडला त्याला यात विसंगती दिसणार नाही. या संस्था ज्ञातीच्या होत्या, हे मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या ज्ञातीत लिहिणारे-वाचणारे आणि पगारदार होते, त्यांच्या मुलांना जामीन मिळाला. पेडण्याच्या कुळाच्या मुलाला तो खोलीवरच्या भिशीतच शोधावा लागला.

गोव्यात सहकाराचा कायदा आला तो मुक्तीनंतर. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा १९६२ मध्ये येथे लागू झाला, १९६३ मध्ये राज्य सहकारी बँक निघाली, आणि २००१ मध्ये गोव्याचा स्वतःचा कायदा झाला. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घराचे संरक्षण मिळाल्यावर भाटकाराच्या देण्याची धारही बोथट झाली. स्त्रियांच्या बचत गटांविषयी स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. एवढेच सांगतो की १९७६ मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावापासून सुरू झालेला प्रयोग आणि १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचे घेतलेले काम, यांचे मूळ तत्त्व भिशीचेच आहे.

आणि आता डिचोलीची ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा विषय एकांगी राहील. लोहखनिजाच्या भरभराटीच्या वर्षांत या तालुक्यातील पुष्कळ तरुणांनी कर्जे काढून ट्रक घेतले. मित्र मित्राला जामीन राहिला, चुलतभाऊ चुलतभावाला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये अटींवर वाट मोकळी झाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे ठप्प झाले. सरकारने मधल्या काळात खाणग्रस्तांसाठी कर्जमुक्तीची योजना आणली. त्या योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही.

माझे लक्ष जाते ते निराळ्या बाबीकडे. मुंबईच्या भिशीत एक जण गिरणीत असे, दुसरा छापखान्यात, तिसरा पेढीवर. एकाचे काम सुटले तरी एकोणीस जणांचे चालू असे. डिचोलीत कर्जदार आणि जामीनदार या दोघांचेही ट्रक एकाच खाणीच्या रांगेत उभे होते. ज्या दिवशी पहिल्याचे चाक थांबले, त्याच दिवशी दुसऱ्याचेही थांबले. स्नेह कमी पडला नव्हता. गावही तेच, मांडही तोच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात गिरणगावच्या खोल्यांनी हेच पाहिले होते. समवयस्कांचा जामीन पेलतो तो त्यांची वये जुळतात म्हणून नव्हे, त्यांच्या मिळकती निरनिराळ्या असतात म्हणून. हा भेद आपल्या सहकारी चळवळीने पुरेसा ध्यानात घेतला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथील प्रवाशांच्या भरवशावर हप्त्याने टॅक्सी घेणाऱ्या पेडण्याच्या मुलांना परस्परांचे जामीन राहण्यापूर्वी डिचोलीच्या मुलांशी एकदा बोलता आले, तर बरे.

आजच्या विशीतल्या मुलाजवळ कर्जाचा आणखी एक दरवाजा आहे, तो त्याच्या मोबाइलमध्ये. काही अ‍ॅप कर्ज देताना मित्रांचे फोन क्रमांक घेत आणि हप्ता चुकला की त्या मित्रांना फोन करून मुलाची बेअब्रू करीत. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेला स्पष्ट लिहावे लागले की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने ऋणकोच्या फोनमधील संपर्कांच्या यादीला हात लावू नये. भिशीतही त्या मुलाच्या मित्रांची नावे एका वहीत लिहिलेली असत. ती वही मात्र त्या मित्रांच्याच ताब्यात असे.