पिचर विकणारा संघ

२३ जुलै १९३०. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा बेसबॉल संघ ‘फिलीज’ पिट्सबर्गविरुद्ध १५ धावा काढतो आणि १६-१५ असा हरतो. दुसऱ्या दिवशी समोर शिकागो. फिलीज पुन्हा १५ धावा काढतो आणि या वेळी १९-१५ असा हरतो.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना १५ हा आकडा किरकोळ वाटतो. बेसबॉलमध्ये पाच-सहा धावा म्हणजे चांगली कमाई. १५ धावा म्हणजे एकदिवसीय सामन्यात साडेतीनशेच्या पुढे गेल्यासारखं समजा. इतक्या धावा काढून लागोपाठ दोन दिवस हरणाऱ्या संघाच्या चाहत्याने राग कोणावर काढायचा? पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर. मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर तो एकटा उभा असतो. प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून सुटतो आणि प्रत्येक पराभव त्याच्या नावावर लिहिला जातो. पण पिचर इतके वाईट का होते, हा प्रश्न त्या उंचवट्यावर सुटत नाही. त्यासाठी संघाच्या हिशेबाच्या वह्यांपर्यंत जावं लागतं.

आधी त्या हंगामाचे आकडे पाहू. फिलीजने १९३० मध्ये ५२ सामने जिंकले, १०२ हरले आणि आठ संघांत आठवा क्रमांक मिळवला. फलंदाजीची सरासरी मात्र ०.३१५ होती. साध्या भाषेत, हजार प्रयत्नांत ३१५ यशस्वी फटके. एखाद्या खेळाडूची सरासरी ०.३०० च्या पुढे गेली तरी त्याचं कौतुक होतं, इथे अख्खा संघ त्याच्या वर होता. चक क्लाइन या बॅटरने २५० फटके मारले, ४० होम रन काढले, सरासरी ०.३८६. त्याचा जोडीदार लेफ्टी ओ’डूल ०.३८३ वर. एकूण धावा ९४४. आणि दिलेल्या धावा? १,१९९.

पिचरचा कस मोजायला ‘ईआरए’ नावाचं माप आहे. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, पिचरने नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या ते त्यातून कळतं. आकडा जितका लहान तितका पिचर चांगला. फिलीजच्या पिचरांचा त्या वर्षीचा एकत्रित ईआरए ६.७१ होता. विसाव्या शतकात कोणत्याही मोठ्या संघाचा पूर्ण हंगामाचा ईआरए याहून वाईट झाला नाही. लेस स्वीटलंडचा ७.७१, क्लॉड विलोबीचा ७.५९. विलोबी ४ सामने जिंकला, १७ हरला. फिल कॉलिन्स हा एकटा १६ विजय मिळवून बसला होता. अशा संघात सोळा विजय म्हणजे, खरं सांगायचं तर, पराक्रमच.

यावर पहिली सबब सांगितली जाते ती भिंतीची. फिलीजचं मैदान ‘बेकर बोल’ १८८७ साली उघडलं. रस्ते आणि रेल्वे यांच्या मध्ये कोंबून बसवलेली जागा. आगगाडीचा बोगदा मैदानाखालूनच जात असल्याने मधल्या भागात जमीन किंचित फुगलेली. उजव्या बाजूची भिंत बॅटरपासून अवघी २८० फुटांवर. इतर मैदानांत जो फटका सहज झेलला जायचा तो इथे भिंतीवर आदळायचा. म्हणून भिंत ४० फूट उंच केली आणि पुढे वर जाळी लावून ६० फुटांपर्यंत नेली. भिंतीवर पत्रा होता आणि चेंडू आदळला की आवाज व्हायचा.

या आवाजाचा एक किस्सा सांगतात. १९३४ साली ब्रुकलिनचा वॉल्टर बेक इथे पिचिंग करत होता आणि मार खात होता. व्यवस्थापक केसी स्टेंगल त्याच्याकडून चेंडू मागायला गेला. चिडलेल्या बेकने चेंडू त्याच्या हातात न देता उजव्या भिंतीवर भिरकावला. तिकडे उभा असलेला हॅक विल्सन जरा बेसावध होता. पत्र्याचा आवाज ऐकून त्याला वाटलं, फटका बसला. तो धावला, चेंडू उचलला आणि झोकात दुसऱ्या बेसकडे फेकला. बेकला ‘बूम-बूम’ हे टोपणनाव चिकटलं ते कायमचं. पुढे हाच बेक फिलीजकडूनही खेळला. संघाला अशी माणसं बरोबर सापडत!

त्याच भिंतीवर लाइफबॉय साबणाची भलीमोठी जाहिरात होती. हो, आपल्या मोरीतला तोच लाल साबण. फिलीजचे खेळाडू लाइफबॉय वापरतात, असं त्यावर लिहिलं होतं. एका रात्री कोणीतरी आत शिरून खाली भर घातली, ‘तरीही त्यांना वास येतो’, अशी गोष्ट फिलाडेल्फियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही. तरी त्या काळच्या चाहत्याचं मन कळायला ती मला दहा बातम्यांपेक्षा उपयोगाची वाटते. ज्याने संघाचा नाद सोडला तो भिंत रंगवायला रात्री डबा घेऊन जात नाही.

भिंतीच्या जोडीला चेंडूही आला. १९३० मध्ये सगळ्या नॅशनल लीगचीच सरासरी ०.३०३ होती. हॅक विल्सनने ५६ होम रन मारले, बिल टेरीची सरासरी ०.४०१. चेंडू इतका उसळत होता की पुढच्या वर्षी लीगने त्याचं आवरण जाड केलं आणि शिवण उंच केली. तेव्हा भिंत जवळ, चेंडू उडता, बिचारे पिचर काय करणार, असं म्हणून हा खटला मिटवता येईल.

पण आकडे मिटवू देत नाहीत. त्या हंगामात फिलीज घरच्या मैदानावर ३५ सामने जिंकला आणि ४२ हरला. वाईट, पण लाजिरवाणं नाही. बाहेरच्या मैदानांवर मात्र १७ विजय आणि ६० पराभव. म्हणजे भिंतीपासून दूर गेल्यावर संघ सुधारायच्या ऐवजी आणखी कोसळला. भिंत पाहुण्या पिचरांनाही तेवढीच छळत होती. तिने फिलीजच्या बॅटरांना फुगवलं, आणि घरच्या प्रेक्षकाला धावांचा पाऊस दाखवून रोग अर्धा झाकून ठेवला.

दुसरा पुरावा याच मैदानातला आहे. ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर १९११ साली फिलीजकडे आला आणि पहिल्याच वर्षी २८ सामने जिंकला. १९१५ मध्ये ३१ विजय, आणि फिलीज पहिल्यांदा लीगविजेता. १९१६ मध्ये ३३ विजय, त्यांतले १६ असे की प्रतिस्पर्ध्याला एकही धाव मिळाली नाही. एका हंगामात १६, हा विक्रम आजही आधुनिक बेसबॉलमध्ये कोणी मोडलेला नाही. चेंडू तेव्हा मंद होता, हे मान्य. पण उजवी भिंत तेव्हाही जवळच होती.

१९१७ मध्ये आणखी ३० विजय, आणि हंगाम संपताच मालक विल्यम बेकरने त्याला शिकागोला देऊन टाकलं. बदल्यात दोन साधारण खेळाडू आणि मोठी रोकड. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. अलेक्झांडर सैन्यात गेला तर हातचा माल वाया जाईल, ही भीती. हा बेकर पूर्वी न्यूयॉर्कचा पोलीस आयुक्त होता. मैदानावरचं गवत कापायला माणूस ठेवण्याऐवजी मेंढ्या पाळल्या होत्या, अशी या मालकांच्या कंजूषीची ख्याती.

यानंतर एक रीतच पडली. एपा रिक्सी १९२० नंतर सिनसिनाटीला दिला गेला आणि तिथे त्याने १७९ सामने जिंकले. बेकर १९३० च्या डिसेंबरमध्ये वारला. काही काळाने कारभार जेराल्ड न्यूजंटकडे आला, पण धंदा बदलला नाही. बकी वॉल्टर्सला १९३८ मध्ये सिनसिनाटीला दिलं. पुढच्याच वर्षी त्याने २७ सामने जिंकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याचा संघ जगज्जेता झाला. क्लॉड पॅसो १९३९ मध्ये शिकागोला गेला आणि १९४५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला फक्त एक फटका मिळू दिला. कर्बी हिग्बीला १९४० नंतर ब्रुकलिनला विकलं, तो लगेच २२ सामने जिंकला. फिलीजने त्या वर्षी १११ हरले. बॅटरही सुटले नाहीत. १९३३ मध्ये सरासरी, होम रन आणि फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला आलेला चक क्लाइन त्याच हिवाळ्यात शिकागोला पोचला.

खेळाडूला यात बोलायला जागा नव्हती. ‘रिझर्व्ह क्लॉज’ म्हणून करारात एक कलम असे. त्याच्या जोरावर मालक खेळाडूला हवा तितका काळ बांधून ठेवू शके आणि हवा तेव्हा विकू शके. खेळाडूला स्वतःहून संघ बदलता येत नसे. हे कलम १९७५ पर्यंत टिकलं.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. दूरदर्शनचा पैसा तेव्हा नव्हता, उत्पन्न तिकिटांचं. त्यात पेनसिल्व्हेनिया राज्यात १७९४ च्या कायद्याने रविवारी खेळ आणि करमणुकीला बंदी. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला सुट्टी रविवारची, आणि त्याच दिवशी मैदानाला कुलूप. ही बंदी १९३३ च्या मतदानानंतर उठली. घाटा खरा होता. पण पिट्सबर्गही त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, आणि तो संघ १९२५ आणि १९२७ मध्ये लीग जिंकला. इतकं लांब कशाला? फिलाडेल्फियातच, त्याच लीहाय रस्त्यावर सात चौक पलीकडे, शहराचा दुसरा संघ ‘अ‍ॅथलेटिक्स’ खेळत होता. फिलीज १०२ सामने हरला त्याच १९३० मध्ये अ‍ॅथलेटिक्स सलग दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. त्यांचा पिचर लेफ्टी ग्रोव्ह, २८ विजय, ५ पराभव, ईआरए २.५४. एकाच रस्त्यावर सात चौकांत सर्वोत्तम पिचिंग आणि सर्वांत वाईट पिचिंग. (मंदीचा फेरा आल्यावर अ‍ॅथलेटिक्सनेही १९३३ मध्ये ग्रोव्हला बोस्टनला विकलं आणि तेही तळाला गेले. औषध एकच, परिणामही एकच.)

मी मास्तर माणूस. दहावीचा निकाल लागला की फळ्यासमोर उभा असलेला माणूस कसा सगळ्यांना दिसतो आणि न भरलेल्या जागा कशा कोणाला दिसत नाहीत, ते जाणतो. म्हणून विलोबीच्या १७ पराभवांकडे मला फार कडकपणे पाहवत नाही. तो चांगला पिचर नव्हता. त्याला त्या उंचवट्यावर उभं करण्याची वेळ कोणी आणली, हा माझा प्रश्न आहे.

आणि त्या १९३० मध्ये नियतीने एक क्रूर थट्टा केली. अलेक्झांडर फिलीजकडे परत आला. वय ४३. युद्धात तोफखान्यात असताना एका कानाने ऐकू येईनासं झालेलं, मिरगीचे झटके, आणि दारू. नावावर ३७३ विजय. त्याला तीन पराभव मिळाले, विजय एकही नाही, ईआरए ९.१४. मेअखेर तो शेवटचा सामना खेळला आणि संघाने त्याला मोकळं केलं. ज्या चाहत्यांनी तरुणपणी त्याचा १९१६ चा हंगाम पाहिला होता त्यांना त्याच मैदानावर हेही पाहावं लागलं. विकलेली वस्तू तेरा वर्षांनी परत मिळाली, वापरून संपल्यावर.

१९१८ ते १९४८ या ३१ हंगामांत फिलीजचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले ते फक्त एकदा, १९३२ मध्ये, तेही ७८-७६. १९३८ मध्ये संघाने बेकर बोल सोडलं आणि अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानात भाड्याने राहायला गेला. भिंत गेली. त्या वर्षापासून सलग पाच हंगाम त्यांनी शंभराच्या वर सामने हरले. भिंतीच्या सबबीचा निकाल इथे लागला असं मी मानतो. १९४३ मध्ये लीगने न्यूजंटकडून संघ काढून घेतला. नवा मालक त्याच वर्षी स्वतःच्या संघावर पैज लावल्याबद्दल कायमचा हद्दपार झाला आणि संघ कार्पेंटर घराण्याकडे आला. त्यांच्याकडे पैसा होता आणि तो लावायची तयारीही.

१९४८ मध्ये रॉबिन रॉबर्ट्स हा तरुण पिचर आला. १९५० च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी ब्रुकलिनमध्ये लीगचं विजेतेपद पणाला लागलं होतं. पाच दिवसांत तिसऱ्यांदा सामन्याची सुरुवात करणाऱ्या रॉबर्ट्सने दहा डाव पिचिंग केली, फिलीज ४-१ ने जिंकला आणि १९१५ नंतर पहिल्यांदा लीगविजेता झाला. रॉबर्ट्स पुढे १९६१ पर्यंत फिलीजकडेच राहिला, २३४ सामने जिंकला. त्या दिवशी ब्रुकलिनच्या बाकावर, नेहमीप्रमाणे गणवेशाऐवजी साध्या कपड्यांत, व्यवस्थापक म्हणून बर्ट शॉटन बसला होता. १९३० मध्ये स्वीटलंड आणि विलोबीला उंचवट्यावर पाठवणारा फिलीजचा व्यवस्थापक तोच होता.